सगळ्यांनी एकाच दिवशी धावू नका

ग्रुपमधला कोणी गंभीर आजारी पडला की पहिल्या दोन दिवसांत काय होतं, हे जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही रायडरला सांगायला नको. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो फिरतो, त्याखाली कोणाचा तरी क्यूआर कोड येतो, तीस-चाळीस गाड्या हॉस्पिटलच्या दारात लागतात. पाचोऱ्याहून, अमळनेरहून, शिरपूरहून पोरं कामधंदा सोडून येतात. त्या धावण्यामागच्या मायेबद्दल शंका घेण्याचं काहीच कारण नाही. अडचण असते ती आजाराच्या लांबीची. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. मूत्रपिंडं निकामी झाली तर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावं लागतं, आणि प्रत्यारोपण झालं नाही तर ते जन्मभराचं होतं. पक्षाघातानंतर हातपाय पुन्हा हलते करायला महिनोन्‌महिने फिजिओथेरपी लागते. आजार वर्षभराचा आणि मदत आठवड्याची, हे गणित जुळत नाही. म्हणून मोटरसायकलस्वारांच्या ग्रुपना सांगणं एकच आहे: सगळ्यांनी एकाच दिवशी धावू नका. मदत वाटून घ्या, तिला तारखा लावा, आणि शेवटची तारीख संपेपर्यंत पुरेल अशी ती राखून वापरा.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते रक्ताच्या बाबतीत. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर पुन्हा 90 दिवस देता येत नाही, स्त्रीला 120 दिवस. समजा ग्रुपमध्ये चाळीस जण आहेत आणि निरोप मिळताच सगळ्यांनी त्याच दिवशी रक्त दिलं. रक्तपेढीचा साठा वाढला, कोणा ना कोणाला ते उपयोगीही पडेल; पण तुमच्या मित्राला सहाव्या आठवड्यात लागेल तेव्हा ग्रुपमधला एकही माणूस देण्याच्या स्थितीत नसेल. लाल पेशी शीतपेटीत पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. केमोथेरपीत वारंवार घसरतात त्या प्लेटलेटच, आणि आज गोळा करून पुढच्या महिन्यासाठी ठेवाव्यात अशी ती वस्तूच नाही. त्यासाठी माणूसच ठरल्या दिवशी हजर व्हावा लागतो. यंत्रावर फक्त प्लेटलेट काढून घेण्याची सोय असेल तिथे एकाच दात्याकडून रुग्णाला पुरेल इतका डोस मिळतो, आणि तो दाता 90 दिवस न थांबता काही दिवसांतच पुन्हा देऊ शकतो. म्हणजे चाळीस जणांच्या गर्दीपेक्षा तपासून ठेवलेले, फोन केला की तासाभरात पोचणारे आठ-दहा दाते जास्त मोलाचे. जळगावात रेडक्रॉसची रक्तपेढी आहे, दोन्ही शहरांतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही सोय आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि रक्तपेढीला आधी विचारा: काय लागणार, किती, साधारण कोणत्या आठवड्यात. मगच माणसं पाठवा.

रायडर मंडळींनी आणखी दोन-तीन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. अंगावर गोंदवून घेतलं असेल तर त्यानंतर वर्षभर रक्त देता येत नाही. आपल्या ग्रुपमध्ये टॅटूची हौस मोठी, त्यामुळे यादीतली दहा नावं दारातच गळतात. ती आधीच वेगळी काढलेली बरी. रक्त दिल्यावर लगेच गाडीला किक मारून एरंडोल-पारोळ्याच्या उन्हात निघू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, अशा वेळी चक्कर येऊन गाडीवरून पडलेला दाता दुसरा रुग्ण होतो. त्या दिवशी त्याला मागच्या सीटवर बसवून कोणीतरी घरी सोडावं. याच महिन्यांत कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्या कोरड्या पडतात, तेव्हा ग्रुपचं वार्षिक शिबिर हिवाळ्यातल्या वाढदिवसाला न घेता एप्रिल-मेमध्ये घ्या. आणि जिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असते, तिथे रक्ताच्या नात्यातल्यांनी आधी रक्त देऊ नये असं डॉक्टर सांगतात, कारण त्यातून पुढचं प्रत्यारोपण शरीराने नाकारण्याचा धोका वाढतो. अशा घरात सख्खा भाऊ दारात उभा असूनही रक्त देऊ शकत नाही, मित्र देऊ शकतो. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे. ओळखीची, निरोगी, नियमित देणारी माणसं हाच मार्ग उरतो, आणि ती कोणत्याही रायडर ग्रुपकडे आयती असतात.

आता पैशाकडे येऊ. इथे घाई सर्वांत महाग पडते. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून पहिल्यांदा ज्या 8 जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं. 2018 पासून तिला केंद्राच्या आयुष्मान भारतची जोड मिळाली, आणि 1 जुलै 2024 पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्यात आलं. कर्करोग, हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांवरचे बरेच उपचार तिच्यात बसतात. पण ही योजना रोखीविना चालते. ज्या रुग्णालयाचा करार आहे तिथेच, आणि मंजुरी घेऊनच. करार नसलेल्या ठिकाणी भरती होऊन बिल भरलं आणि नंतर पावत्या घेऊन गेलात, तर ते पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे पहिल्या रात्री मित्र कोणत्या दारातून आत गेला यावर पुढचे लाखो रुपये अवलंबून असतात. करार असलेल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. ग्रुपच्या एका शांत डोक्याच्या माणसाने शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला गाठावं, किंवा 155388 वर फोन करून आपला आजार आणि आपलं रुग्णालय योजनेत आहे का ते विचारावं. क्यूआर कोड त्यानंतर.

योजनेत न बसणारा खर्च उरतोच, आणि त्यासाठीही वर्गणीच्या आधी आणखी काही दारं आहेत. धर्मादाय न्यासांनी चालवलेल्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेली ही व्यवस्था 2006 पासून लागू आहे. पुण्या-मुंबईच्या ज्या चकचकीत रुग्णालयांच्या पायरीशी आपली माणसं बिचकतात, त्यांतली कित्येक याच व्यवस्थेखाली येतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हाती असला तर तिथल्या समाजसेवा विभागात हक्काने बसता येतं. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आता मंत्रालयात खेटे घालायला नकोत, जिल्हाधिकारी कार्यालयात त्याचा कक्ष आहे. तिथेही तोच दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक आणि रिपोर्ट लागतात. मित्र एमआयडीसीतल्या चटई, पाइप किंवा डाळीच्या कारखान्यात कामाला असेल आणि पगार 21 हजारांच्या आत असेल तर त्याचं ईएसआय कार्ड शोधा. महिना-महिना पगारातून कापलं गेलेलं ते कार्ड कपाटात पडून राहतं आणि घरचे सोनं मोडायला निघतात. हे सगळं कागदांचं काम आहे. आजारी माणसाच्या बायकोने ते करायचं म्हटलं तर तिला खाटेजवळून उठावं लागतं. ते तुम्ही करा. वहिनींना क्यूआर कोडवर आलेल्या पाचशे रुपयांपेक्षा तहसील कार्यालयाच्या रांगेत उभा राहिलेला माणूस अधिक उपयोगी पडतो.

यावर येणारा आक्षेप खरा आहे: रात्री अकरा वाजता काउंटरवर अनामत मागतात, तेव्हा योजना आणि दाखले काय कामाचे? त्या रात्रीसाठी तयार पैसा लागतोच, हे मान्य करायला हवं. पण तो त्या रात्री गोळा करायचा नसतो, आधीच असायला हवा. आपल्याकडे गल्लोगल्ली भिशी चालते; चाळीस जणांनी महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकले तर वर्षाला 96 हजार होतात. एवढ्यात पहिल्या रात्रीची अनामत, रुग्णवाहिका आणि औषधं निघतात, आणि सकाळी आरोग्यमित्राकडे जायला उसंत मिळते. दुसरा आक्षेप असा की सरकारी योजनेत वेळ जातो, तोवर रोग थांबत नाही. कधी कधी जातो. म्हणूनच मंजुरीचं काम आणि उपचाराचं काम एकाच वेळी, वेगवेगळ्या माणसांनी करायला हवं. वेळ जातो म्हणून योजना सोडून देणं म्हणजे मित्राच्या हक्काचे 5 लाख वाऱ्यावर सोडून दोनशे लोकांपुढे हात पसरणं. आणि लोकांकडे दुसऱ्यांदा मागता येत नाही. वर्गणी पहिल्या हाकेला सर्वांत जास्त जमते. ती पहिली हाक जो खर्च योजनेतून भागला असता त्यावर उडवली, तर योजनेबाहेरचं महागडं इंजेक्शन लिहून दिलं जाईल त्या दिवशी ग्रुपवर शांतता असते.

वर्गणी काढायचीच वेळ आली तर ती अशी काढा की वर्षाने कोणी बोट दाखवणार नाही. शक्यतो पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर जावेत, आणि प्रत्येक पावतीचा फोटो ठेवावा. ते शक्य नसेल तर रुग्णाच्या किंवा घरच्या माणसाच्या खात्यात. अ‍ॅडमिनच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही, तो कितीही सच्चा असला तरी. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41सी खाली परवानगी घेतात, हे आपल्यापैकी अनेकांनी मंडळात काम करताना पाहिलं आहे. नोंदणी नसलेल्या ग्रुपने धर्मादाय कामासाठी जाहीरपणे पैसे मागितले तर त्यालाही तेच कलम लागतं. नात्यात नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम 50 हजारांच्या वर गेली तर प्राप्तिकराचा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा मोठा आकडा असेल तर सीएला आधीच विचारा. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख एकरकमी घ्यायला कायद्याने बंदी आहे. आवाहनाच्या मजकुरावर तारीख, लागणारी रक्कम आणि ‘आवाहन बंद’ होण्याचा दिवस लिहा. तारीख नसलेले निरोप वर्षानुवर्षं फिरत राहतात, त्यांतला क्यूआर कोड कोणीतरी बदलतो, आणि रुग्ण बरा झाल्यावरही त्याच्या नावाने पैसे मागितले जातात. उरलेल्या पैशांचं काय करायचं तेही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

रायडरना या साऱ्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटेल, ती म्हणजे राइड. मित्रासाठी निधी-राइड काढू, असं कोणीतरी म्हणतंच. साधा हिशेब करून पाहा. जळगावहून अजिंठा जाऊन-येऊन सुमारे 120 किलोमीटर. बुलेटला लिटरमागे 30 धरले तर 4 लिटर पेट्रोल, लिटरला शंभर रुपयेच धरले तरी गाडीमागे 400. साठ गाड्यांचे 24 हजार रुपये धुरात जातात, आणि तितके पैसे त्या राइडमधून जमतात की नाही याची खात्री नसते. म्हणजे राइड काढूच नये का? तिचा उपयोग आहे, पण तो पैशाचा नाही. जर्मनीत 2021 च्या जुलैमध्ये कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलाला मोटरसायकलींचा आवाज आवडतो म्हणून हजारो स्वार त्याच्या घरावरून गेले. बातम्यांत तो आकडा पंधरा हजारांच्या आसपास होता. त्यातून औषध मिळालं नाही, पण घरच्यांनीच ती इच्छा सांगितली होती आणि त्या मुलाला आनंद मिळाला. फरक इथेच आहे. रुग्णाला हवी असेल तर राइड काढा, घराजवळून, थोड्या गाड्यांची, मूळ सायलेन्सरच्या. रुग्णालयाभोवतीचं 100 मीटरचं क्षेत्र कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं आणि आत इतरही रुग्ण असतात. तिथे गाड्या रेस करणं हा मित्राचा सन्मान होत नाही. आणि मोटरसायकलचा खरा उपयोग पाहायचा असेल तर ब्रिटनमधल्या ‘ब्लड बाइक’ स्वयंसेवकांकडे पाहावं. तिथे 1962 पासून स्वार पाळ्या लावून रात्री रक्त, नमुने आणि औषधं एका रुग्णालयातून दुसऱ्यात विनामूल्य पोचवत आले आहेत. आपल्या देशात जलपैगुडीच्या करीमुल हक यांनी आई रुग्णवाहिकेअभावी गेल्यावर स्वतःच्या मोटरसायकलवरून गावोगावचे रुग्ण रुग्णालयात नेले, आणि 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोन्ही कामांत गाडी वर्षानुवर्षं, ठरल्या कामासाठी धावते.

खानदेशात ठरलेलं काम कोणतं, ते मित्राच्या धंद्यावर अवलंबून आहे, आणि ग्रुप सर्वांत जास्त कमी पडतात ते इथेच. रावेर-यावलकडचा केळीवाला खाटेवर पडला तर बाग थांबत नाही. ठिबक रोज चालावं लागतं, शेतीची वीज पाळीने येते आणि ती पाळी कित्येकदा रात्रीची असते. खत चुकलं, घड कापायची वेळ टळली, तर वर्षाचं उत्पन्न जातं. आजाराने जितकं कर्ज होतं, कधी कधी त्याहून अधिक या बुडालेल्या उत्पन्नाने होतं. शेतीची माहिती असलेल्या चार जणांनी आठवड्याच्या रात्री वाटून घेतल्या तर लाखाची वर्गणी वाचते. मित्राचं गॅरेज असेल तर ग्रुपमधल्या मेकॅनिकने रोज दोन तास शटर उघडावं आणि आपल्या गाड्यांची सर्व्हिसिंग तिथेच करावी. उपचार मुंबईला टाटा रुग्णालयात असतील तर जळगाव-भुसावळहून थेट गाड्या आहेत, धुळ्याहून थेट गाडी जमली नाही तर चाळीसगाव गाठता येतं. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टियर एसीत 100 टक्के आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती वर्षानुवर्षं बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देत आहेत. तिथली जागा आधी चौकशी करून मिळवणं, गाडीची तिकिटं काढणं, प्रत्येक खेपेला एक धडधाकट माणूस सोबत देणं, आणि मागे राहिलेल्या मुलांना शाळेत सोडणं, ही कामं कॅलेंडरवर नावांसकट लिहा. लांबच्या राइडला आपण पुढे लीड आणि सर्वांत मागे स्वीप ठेवतो, आणि स्वीपच्या पुढे सगळे पोचल्याशिवाय राइड संपली असं म्हणत नाही. आजारातही एक लीड नेमा, जो रुग्णालयाशी आणि घरच्यांशी बोलेल, आणि एक स्वीप, ज्याचं काम चौथ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात सुरू होतं. तोवर बाकीचे पांगलेले असतात.

भेटीगाठींनाही हाच नियम लागतो. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात पांढऱ्या पेशी खाली असतात आणि साधा सर्दी-ताप जिवावर बेतू शकतो. त्या दिवसांत भेटायला जाऊ नये, फोन करावा. एरवीही एका वेळी एक-दोघंच, आधी विचारून. रिपोर्ट, सलाइन लावलेला फोटो, रोगाचं नाव यांतलं काहीही रुग्णाच्या होकाराशिवाय ग्रुपवर टाकू नका. न सांगण्याची कारणं असतात: नोकरी आहे, धाकट्या बहिणीचं लग्न जमतंय, घरात म्हातारी आई आहे जिला अजून सांगितलेलं नाही. मदत मागण्यासाठी माणसाला आपला आजार चौकात मांडावा लागू नये. काही घरं पैसे घ्यायलाच नाही म्हणतील, आणि त्यांचा तो नकार मानायला हवा. रक्ताला आणि शेतातल्या रात्रीला मात्र सहसा कोणी नाही म्हणत नाही. त्याच्या गाडीकडेही कोणीतरी पाहावं: हप्ता थकला असेल तर फायनान्सवाल्याशी वेळेत बोलावं, विमा संपू देऊ नये, बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवावा. ‘विकून टाक, मी घेतो’ असं त्याच्या आजारपणात कोणी म्हणू नये. आणि पुन्हा हँडल कधी धरायचं हे डॉक्टर ठरवतील. काही औषधांनी हातापायांना बधिरता येते, मेंदूच्या आजारात झटक्यांचा धोका असतो. त्याला उत्साहाच्या भरात गाडीवर बसवणारे मित्र त्याचं नुकसान करतात.

कोणी म्हणेल, एवढी आखणी म्हणजे मैत्रीचं ऑफिस झालं. मैत्रीत हिशेब नको, ही भावना सुंदर आहे, पण तिची किंमत आजारी माणूस मोजतो. आखणी नसलेल्या मदतीत ज्याला जे सोयीचं ते तो देतो. मग बिस्किटांचे पुडे आणि फळांच्या करंड्या साचतात, आणि रात्री खाटेजवळ थांबायला कोणी नसतं. आखणी असली तर माया आटत नाही, ती गरजेच्या दिवशी हाताशी असते.

हे सगळं कोणी आजारी पडण्याआधी करायचं आहे. पुढच्या रविवारी लळिंगच्या किल्ल्यावर जा, पाटणादेवीला जा, कुठेही जा. निघण्याआधी अर्धा तास बसा. प्रत्येकाचा रक्तगट, शेवटचं रक्त दिल्याची तारीख, घरच्या दोन माणसांचे नंबर, विमा किंवा ईएसआय आहे का, शिधापत्रिका कोणाच्या नावावर आहे, आयुष्मान कार्ड काढलं का, एवढं एका वहीत उतरवा. ज्यांनी काढलं नसेल त्यांना त्याच आठवड्यात काढायला लावा. कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ते जळगाव, धुळे, संभाजीनगर आणि नाशिकसाठी लिहून ठेवा. आणि वही कोणाकडे राहणार, ते नाव ठरवल्याशिवाय गाडी सुरू करू नका.